दिनविशेष आणि चित्रपुस्तक : निवडीच्या निकषांचा विचार

१

ग्रंथनिवड हा विषय सामान्यतः ग्रंथपालाच्या व्यवहारातला समजला जातो. समीक्षेच्या क्षेत्रात त्याला स्थान मिळत नाही. पुस्तकाचे गुणदोष समीक्षकाने सांगावेत आणि ते कोणाच्या हाती केव्हा द्यावे हे ग्रंथपालाने अथवा शिक्षकाने ठरवावे, अशी ही कामाची वाटणी आहे. प्रौढ वाङ्मयाच्या बाबतीत ती चालून जाते, कारण प्रौढ वाचक आपले पुस्तक आपण निवडतो. लहान मुलाचे तसे नाही. ज्याला अक्षरओळख नाही, किंवा नुकतीच झालेली आहे, अशा मुलापुढे येणारे जवळजवळ प्रत्येक चित्रपुस्तक कोणा तरी मोठ्या माणसाने आधी निवडलेले असते. त्याने जे निवडले नाही ते मुलाच्या दृष्टीने लिहिलेच गेलेले नसते. बालवाङ्मयात निवड ही समीक्षेची पहिली कृती ठरते ती या कारणाने.

ही निवड सर्वांत घाईने होते ती विशेष दिवसांच्या निमित्ताने. हान्स ख्रिश्चन अँडरसन याचा जन्मदिवस, २ एप्रिल, हा १९६७ पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, हा वाचन प्रेरणा दिन झाला आहे. हे दोन दिवस पुस्तकांचेच होत. त्यांखेरीज सण आहेत, जयंत्या आहेत, राष्ट्रीय दिन आहेत आणि घरोघरचे वाढदिवस आहेत. या सर्वांच्या बाबतीत एकच क्रम दिसतो : दिवस आधी ठरलेला असतो, पुस्तक मागाहून शोधले जाते, आणि ज्याच्या मुखपृष्ठावर त्या दिवसाचे नाव किंवा चिन्ह दिसेल ते पुस्तक योग्य मानले जाते. दिवाळी आली की पणतीचे चित्र असलेले पुस्तक, जयंती आली की त्या थोर पुरुषाची प्रतिमा असलेले पुस्तक, असा हा हिशेब आहे.

या पद्धतीत विषय आणि आशय यांची गल्लत होते. पुस्तकाचा विषय अमुक सण आहे, एवढ्यावरून त्या सणाचा आशय त्यात उतरला आहे असे ठरत नाही. दिवस हे पुस्तक वाचण्याचे निमित्त होऊ शकते. पुस्तकाच्या गुणवत्तेचा निकष मात्र तो होऊ शकत नाही. हा निकष कोठे शोधावा, याचा विचार काही प्रत्यक्ष पुस्तकांच्या आधारे येथे करावयाचा आहे. उदाहरणे बहुतांशी अमेरिकेतील आहेत. कारण विशेष दिवसांसाठी चित्रपुस्तके काढण्याची प्रथा तेथे दीर्घकाळ चालत आली असून तिच्यातील गुण व दोष दोन्ही तेथे स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

२

सण आणि चित्रपुस्तक यांचा संबंध वरवरचा नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आधुनिक चित्रपुस्तकाचा जन्मच सणाच्या बाजारपेठेत झाला. रँडॉल्फ कॅल्डेकॉट (१८४६–१८८६) या इंग्रज चित्रकाराने एडमंड इव्हान्स या मुद्रकासाठी १८७८ पासून दरवर्षी दोन याप्रमाणे सोळा चित्रपुस्तके केली. ती नाताळच्या सुमारास विक्रीस येत आणि त्यांची किंमत एक शिलिंग असे. मुलांना सणाची भेट म्हणून द्यावयाची वस्तू, हेच त्यांचे व्यापारी स्वरूप होते. परंतु १८७८ मधील पहिली जोडी पाहिली तर काय आढळते? एक पुस्तक जॅकने बांधलेल्या घराच्या जुन्या साखळीगाण्यावर आधारलेले आहे, तर दुसरे जॉन गिल्पिनच्या फजितीवर. या दोन्ही विषयांचा नाताळशी काही संबंध नाही. नाताळला द्यावयाचे पुस्तक नाताळविषयीच असले पाहिजे, ही अट तेथे नव्हती. पुस्तक आनंददायक असावे, एवढेच त्या प्रसंगाचे मागणे होते.

कॅल्डेकॉटचे ऐतिहासिक महत्त्व त्याने चित्राला दिलेल्या स्वतंत्र कार्यात आहे. त्याच्या पानांवर चित्र हे शब्दांचे भाषांतर राहिले नाही. मजकूर जेथे थांबतो तेथून चित्र पुढे बोलू लागते. क्वचित मजकुराने जे गाळले ते चित्र सांगते. मॉरिस सेन्डाक याने आधुनिक चित्रपुस्तकाचा आरंभ कॅल्डेकॉटपासून मानला तो याच कारणाने. आणि अमेरिकन ग्रंथालय संघटनेने १९३८ पासून उत्कृष्ट चित्रपुस्तकाच्या चित्रकारास जे पदक देण्यास सुरुवात केली त्यास कॅल्डेकॉटचेच नाव आहे. या इतिहासातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, विशेष प्रसंगी पुस्तक देण्याची प्रथा चित्रपुस्तकाच्या कलेला घातक नाही. उलट ती तिला पोषक ठरली आहे. दोन, ती पोषक ठरली तेव्हा प्रसंगाने पुस्तकाचा विषय ठरविण्याचा हक्क सांगितलेला नव्हता. पुढे हा हक्क सांगितला जाऊ लागला आणि तेथून अडचणीस प्रारंभ झाला.

३

मोठ्या माणसाच्या दृष्टीने सण म्हणजे अर्थ, परंपरा आणि विधी. मुलाच्या दृष्टीने सण म्हणजे वाट पाहणे, निवडणे, देणे, मिळणे आणि पुष्कळदा काही तरी गमावणे. सणाचे पुस्तक या दुसऱ्या अनुभवातून उभे राहिले आहे काय, हा निवडीचा पहिला प्रश्न होय.

मारी हॉल एट्स आणि ऑरोरा लाबास्तिदा यांचे ‘नाइन डेज टु ख्रिसमस’ हे १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेले आणि १९६० चे कॅल्डेकॉट पदक मिळविणारे पुस्तक या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मेक्सिकोत नाताळपूर्वी नऊ रात्री ‘पोसादा’ साजरी होते. मेरी आणि जोसेफ यांनी आसऱ्यासाठी दारोदार फिरावे, या प्रसंगाचे स्मरण म्हणून मिरवणूक निघते. आश्रय आधी नाकारला जातो, मग दार उघडते आणि मेजवानी होते. तिच्या अखेरीस ‘पिन्याता’ फोडतात. कागदाने सजविलेले, आत खाऊ भरलेले एक मडके वर टांगतात आणि डोळे बांधलेली मुले काठीने त्यावर घाव घालतात. दहीहंडी पाहिलेल्या मराठी वाचकाला हा प्रकार सहज कळावा.

या पुस्तकाची नायिका सेसी ही पाच वर्षांची मुलगी आहे. यंदा प्रथमच तिची स्वतःची पोसादा होणार आहे आणि तिची पिन्याताही तिनेच निवडावयाची आहे. पुस्तकाचा बराच भाग ती वाट पाहण्यात घालविते. मेक्सिको शहरातील घर, रस्ता, बाग आणि बाजार यांची चित्रे करड्या पार्श्वभूमीवर पेन्सिलीने काढलेली असून त्यांत मोजक्या ठिकाणी उजळ रंग आहेत. मुलाच्या प्रतीक्षेतला काळ असाच असतो : बराचसा करडा, मधूनच एखादी वस्तू डोळ्यांत भरणारी. बाजारात सेसी एक तारा निवडते. आणि मग ज्या सणाची तिने इतकी वाट पाहिली, त्याच सणात तिचा तारा फोडला जाणार हे तिच्या ध्यानात येते. ती लपून बसते. पिन्याता फुटते आणि आकाशात एक खरा तारा दिसतो.

या कथेत पोसादाची सर्व माहिती येते, परंतु कथा पोसादाविषयी नाही. आपण निवडलेली सुंदर वस्तू सर्वांच्या आनंदासाठी मोडावी लागते, या विलक्षण अवघड गोष्टीविषयी ती आहे. गणपती विसर्जनाला नेताना रडणाऱ्या मुलाचे दुःख याहून निराळे नाही. म्हणूनच मेक्सिको न पाहिलेल्या आणि नाताळ न पाळणाऱ्या मुलालाही सेसी परकी वाटत नाही. सण येथे विषय राहिलेला नाही. तो मुलाच्या मनावरचा एक ताण झाला आहे.

वाढदिवसाच्या पुस्तकांत शार्लट झोलोटॉव हिने लिहिलेले व सेन्डाक याने चितारलेले ‘मिस्टर रॅबिट अँड द लव्हली प्रेझेंट’ (१९६२) हे याच जातीचे आहे. एका मुलीला आईच्या वाढदिवसासाठी भेट हवी आहे आणि तिच्याजवळ काही नाही. ती एका सशाची मदत मागते. आईला लाल रंग आवडतो, पिवळा आवडतो, हिरवा आवडतो, निळा आवडतो. रंग तर भेट देता येत नाही. मग त्या त्या रंगाच्या वस्तूंची चर्चा होते आणि अखेर सफरचंदे, केळी, नासपती व द्राक्षे यांनी एक करंडी भरते. येथे केक नाही, मेणबत्त्या नाहीत, पाहुणे नाहीत; आईसुद्धा दिसत नाही. भेट देण्याचा क्षण येण्यापूर्वीच मुलगी सशाचा निरोप घेते आणि पुस्तक संपते. राहतो तो फक्त एका माणसाला काय आवडते याचा विचार करीत झाडांमधून केलेला लांब फेरफटका. जलरंगांत काढलेल्या सेन्डाकच्या चित्रांतील मऊ प्रकाश या शोधाला साजेसा आहे. वाढदिवसाचा आशय त्याच्या सामग्रीत नसून दुसऱ्या व्यक्तीच्या स्मरणात आहे, हे येथे कोणीही बोलून दाखवीत नाही.

४

दुसरा प्रश्न माहितीच्या स्थानाविषयीचा आहे. विशेष दिवसाच्या पुस्तकाने त्या दिवसाची ओळख करून द्यावी, ही अपेक्षा रास्त आहे. शाळेत असे पुस्तक आणले जाते ते बहुधा याच हेतूने. परंतु ही ओळख कशी होते यावर पुस्तकाची जात ठरते. सामान्य पुस्तकात एक पात्र अज्ञानी असते. ते प्रश्न विचारते आणि आजी, आजोबा अथवा गुरुजी उत्तर देतात. चित्रात आजी बसलेली असते आणि मुले तिच्याभोवती असतात. पान उलटले तरी आजी बसलेलीच असते. अशा पुस्तकातील चित्रे झाकून मजकूर वाचला, तर काहीच उणे पडत नाही. आणि मजकूर झाकून चित्रे पाहिली, तर काहीच कळत नाही. ही सोपी परीक्षा निवड करणाऱ्या प्रत्येकाने करून पाहण्याजोगी आहे. जेथे चित्राला काम नाही, तेथे चित्रपुस्तक हे केवळ नाव आहे.

याच्या उलट उदाहरण म्हणून एरिक किमेल याचे ‘हर्शेल अँड द हनुक्का गॉब्लिन्स’ (१९८९) पाहावे. हनुक्का हा ज्यूंचा आठ रात्री दीप लावण्याचा सण. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाशी परिचय असणाऱ्यांना तो अगदीच अनोळखी नसेल. या कथेतील गावाच्या टेकडीवरील जुन्या प्रार्थनामंदिरात भुते शिरली आहेत आणि ती कोणाला सण करू देत नाहीत. त्यांना घालविण्याची अट अशी : आठही रात्री तेथे दीप लागले पाहिजेत आणि आठव्या रात्री ते भुतांच्या राजाने स्वतः लावले पाहिजेत. हर्शेल हा फिरस्ता हे काम पत्करतो. उकडलेले अंडे हातात चुरगळून तो पहिल्या भुताला वाटायला लावतो की हा दगड फोडतो आहे. दुसऱ्याचा हात लोणच्याच्या बरणीत अडकतो, कारण त्याला मुठीतले सोडवत नाही. तिसरा भोवऱ्याच्या खेळात आपले सोने हरतो. अखेर अंधारात तू राजा आहेस हे मी कसे ओळखू, असे म्हणून हर्शेल राजाकडूनच दीप लावून घेतो.

रात्री आठ का, दीप रोज का, भोवऱ्याचा खेळ कसा, ही सारी माहिती या कथेत आहे; पण ती कथेच्या यंत्रात फिरणाऱ्या चाकासारखी आहे. एक चाक काढले तर यंत्र थांबेल. ट्रिना शार्ट हायमन हिच्या चित्रांत अंधार आणि ज्योत यांचा झगडा पानोपानी चालतो, त्यामुळे दीपाचा अर्थ मुलाला समजावून सांगावा लागत नाही. प्रकाशाचा सण म्हणजे काय हे त्याने डोळ्यांनी अनुभवलेले असते.

याच न्यायाने आणखी पुढे गेलेले पुस्तक म्हणजे ग्रेस लिन हिचे ‘अ बिग मूनकेक फॉर लिटल स्टार’ (२०१८). चिनी परंपरेत शरदऋतूच्या मध्यावरील पौर्णिमेला चंद्राच्या आकाराची मिष्टान्ने करतात. त्या सणाच्या स्मृतीतून हे पुस्तक निर्माण झाले. परंतु कथेच्या मजकुरात सणाचे नाव येत नाही. आई एक मोठा मूनकेक भाजते आणि आकाशात ठेवते. सांगेपर्यंत हात लावू नकोस, असे ती मुलीला बजावते. मुलगी रोज मध्यरात्री उठून एक एक घास खाते. केकच्या कोरी होत जातात, सांडलेल्या कणांच्या चांदण्या होतात. पार्श्वभूमी गडद काळी, आई आणि मुलगी यांच्या काळ्या वेषांवरही तारे. त्यामुळे माणसे कोठे संपतात आणि आकाश कोठे सुरू होते ते कळू नये, अशी योजना आहे. कोजागरीच्या चंद्राखाली बसलेल्या मराठी मुलाला हे पुस्तक दाखविण्यास काहीच हरकत नसावी. दोन पौर्णिमा निराळ्या, दोन परंपरा निराळ्या. पण चंद्राकडे पाहताना तोंडाला पाणी सुटणे हा अनुभव सामायिक आहे. दिवसाचे नाव नसलेले पुस्तक त्या दिवसाचे अधिक चांगले पुस्तक असू शकते, हे यावरून दिसून येते. मुखपृष्ठावर नाव शोधणाऱ्या निवडकर्त्याच्या हाती मात्र ते कधीच येणार नाही.

५

आतापर्यंतचा विचार पुस्तकाच्या अंतर्गत गुणांचा झाला. तिसरा प्रश्न वर्गातून येतो आणि तो सर्वांत कठीण आहे. ज्या मुलाच्या घरी तो दिवस साजरा होत नाही, किंवा ज्याच्या घरी तो दुःखाचा दिवस आहे, त्याने हे पुस्तक कसे वाचावे?

रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासिकेने १९९० मध्ये पुस्तकाला आरसा, खिडकी आणि सरकते काचेचे दार अशी तीन रूपके योजली. मुलाला पुस्तकात कधी स्वतःचे रूप दिसावे, कधी दुसऱ्याचे जग दिसावे आणि कधी त्या जगात प्रवेशही मिळावा, असा या विवेचनाचा भाव आहे. विशेष दिवसाच्या पुस्तकांना ही रूपके लावली की एक गोष्ट ध्यानात येते : वर्गातील बहुसंख्य मुलांना वर्षभर आरसेच मिळतात आणि थोड्यांना वर्षभर खिडक्याच.

अमेरिकेतील आभारदिनाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १६२१ मध्ये प्लिमथ येथे इंग्रज वसाहतवाल्यांनी सुगीनंतर केलेल्या मेजवानीस वाम्पानोआग जमातीचे लोक उपस्थित होते. या घटनेशी तो दिवस जोडला जातो. राष्ट्रीय दिन म्हणून त्याची प्रथा लिंकनच्या १८६३ मधील घोषणेपासून दृढ झाली आणि १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरातील चौथा गुरुवार निश्चित झाला. मुलांच्या पुस्तकांत या मेजवानीचे चित्र परिचित साच्याने येत राहिले : एका मेजाभोवती दोन समाज, मध्ये भोजन आणि सर्वांच्या मुखावर समाधान. परंतु त्या मेजवानीनंतर जेमतेम अर्धशतकाने, १६७५–७६ च्या युद्धात, वाम्पानोआग समाजाचा मोठा संहार झाला. १९७० पासून प्लिमथ येथे त्याच गुरुवारी मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. एकाच दिवशी एका वर्गातले एक मूल आभार मानीत असते आणि दुसऱ्याच्या घरी शोक असतो. मेजाभोवतीचे ते चित्र पहिल्या मुलाला अपुरे सत्य सांगते. दुसऱ्याला ते त्याच्या पूर्वजांचे हसरे मुखवटे दाखविते.

यावर दिवसच वगळावा असा उपाय काही जण सुचवितील. दुसऱ्या टोकाला, पाच वर्षांच्या मुलापुढे युद्धाचा इतिहास मांडावा असेही म्हणता येईल. ट्रेसी सोरेल या चेरोकी लेखिकेने ‘वी आर ग्रेटफुल’ (२०१८) या पुस्तकात निराळा मार्ग काढला आहे. चेरोकी भाषेत कृतज्ञता व्यक्त करणारा एक शब्द या पुस्तकात चारही ऋतूंतून पुन्हा पुन्हा येतो. वर्षाचा आरंभ शरदात, चेरोकी नववर्षापासून होतो. स्वच्छ केलेली घरे, नवे कपडे, मेजवानी आणि जुनी भांडणे विसरणे, हे सारे तेथे आहे. आणि त्याच ओघात, ज्या सक्तीच्या स्थलांतरात पूर्वजांनी प्राण गमावले त्याचे स्मरणही आहे. फ्रॅने लेसॅक हिची उजळ, सपाट रंगांची चित्रे आनंद आणि स्मरण यांना एकाच भूमीवर ठेवतात. आभारदिनाचा उल्लेख न करता हे पुस्तक त्या दिवसाच्या मूळ कल्पनेला स्पर्श करते. एका दिवसापुरती मर्यादित झालेली कृतज्ञता ते वर्षभर पसरून देते. ज्या मुलाला इतर पुस्तकांत आपले पूर्वज केवळ पाहुणे म्हणून दिसत होते, ते मूल येथे यजमान होते.

निवडीच्या दृष्टीने या उदाहरणाचा अर्थ असा की, विशेष दिवसाचे पुस्तक पारखताना त्या दिवसाच्या बाहेर उभ्या असलेल्या मुलाच्या बाजूने ते एकदा वाचून पाहिले पाहिजे. जे पुस्तक त्या मुलाला खोटे पाडते, ते आतल्या मुलालाही खरे काही देत नाही.

६

महाराष्ट्रातील शाळांपुढे हा प्रश्न सणांपेक्षा जयंत्यांच्या रूपाने अधिक येतो. जयंतीचे पुस्तक म्हणजे चरित्र, असे समीकरण ठरून गेले आहे. आणि लहान मुलांसाठी सांगितलेल्या चरित्रात थोरपण जन्मापासूनच सिद्ध असते. चित्रात चेहरा येतो, चेहऱ्यामागे तेज येते, पण घटना येत नाही. प्रतिमेला हार घालता येतो. तिच्याकडून काही कळून घेता येत नाही.

१४ एप्रिलच्या संदर्भात ‘भीमायन’ (२०११) या पुस्तकाचा विचार येथे आवश्यक ठरतो. श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे लेखन आणि दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची चित्रे, असा त्याचा संयोग आहे. अचूक बोलावयाचे तर ही चित्रमय कथा मोठ्या मुलांसाठी आहे; बालवर्गातील चित्रपुस्तक ती नव्हे. परंतु चित्राला काम कसे द्यावे याचा तो आदर्श नमुना आहे. त्यातील एक प्रसंग १९०१ मधील आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटण्यास निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. त्यांची जात कळताच गाडीवाला मिळणे कठीण होते आणि वाटेत पाणीही मिळत नाही. बाबासाहेबांनी हा अनुभव स्वतः लिहून ठेवलेला आहे. चित्रकारांनी पाने चौकटींत कापलेली नाहीत. गोंड भित्तिचित्रांतील नक्षीच्या पट्ट्या पानावर मोकळ्या वळतात. सर्वांत लक्षणीय योजना संवादांची आहे. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते आणि जातीच्या द्वेषाने भरलेले बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकारात. शब्द वाचता न येणाऱ्यालाही कोणाचे बोलणे डसते आहे ते दिसते. येथे थोर पुरुषाची प्रतिमा नाही. तहानलेला मुलगा आहे. त्या मुलाला पाहिल्यावर जयंती कशासाठी करावयाची, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. शिक्षकापाशी वेळ थोडा, कपाटात पुस्तके थोडी. दिवसाच्या निमित्ताने का होईना, एक पुस्तक मुलाच्या हाती येते. त्यात इतकी चिकित्सा केली तर तेही येणार नाही. या आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. पुस्तके थोडी असतील तर ती एका दिवसाच्या उपयोगाची घेणे हीच उधळपट्टी होय. पोसादेच्या ताऱ्याचे पुस्तक विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वाचता येते. आईच्या भेटीचे पुस्तक वर्गातील कोणत्याही मुलाच्या आईच्या वाढदिवशी काढता येते. मूनकेकचे पुस्तक दर पौर्णिमेला चालते. केवळ पणतीचे चित्र असलेले पुस्तक मात्र दिवाळी संपताच कपाटात जाते आणि वर्षभर तेथेच राहते. ज्या शाळेला दहाच पुस्तके घेणे शक्य आहे, तिलाच चिकित्सेची सर्वांत अधिक गरज आहे.

तेव्हा निवडीचे तीन प्रश्न असे ठरतात. पुस्तकातील सण मुलाच्या अनुभवातून आला आहे काय? त्याची ओळख करून देण्याचे काम कथेने आणि चित्राने उचलले आहे, की ते एखाद्या पात्राच्या तोंडी दिलेल्या व्याख्यानावर सोपविले आहे? आणि त्या दिवसाबाहेरचे मूल ते पुस्तक मान खाली न घालता वाचू शकेल काय? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली, तर मुखपृष्ठावर दिवसाचे नाव असो वा नसो, पुस्तक त्या दिवसाला योग्य आहे. याची उघड खूण एकच : ते इतर कोणत्याही दिवशी वाचता येते. जे पुस्तक केवळ त्याच दिवशी वाचता येते, ते त्या दिवशी तरी का वाचावे, याचे समाधानकारक उत्तर निवड करणाऱ्याला द्यावे लागेल.